आधी वेग, मग गळा
वाचकांचे प्रश्न : जुन्या तबकड्या, कॅसेटी आणि त्यांची तुलना

बेळगाव (शहापूर) : अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी माझ्याकडे तीन ठिकाणची आहे : घरची ७८ ची तबकडी, एक जुनी कॅसेट आणि मोबाईलवर आलेली फाइल. पेटी (हार्मोनियम) घेऊन बसलो तर तिन्हींचा सा वेगळा. फाइल तर तबकडीपेक्षा अख्खी एक पट्टी वर आहे. यातली खरी कुठली?

तिन्ही खोट्या असू शकतात. ‘७८’ (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे) हा आकडा लेबलावर छापलेला असतो, पण मुद्रण करणारं यंत्र त्या दिवशी नेमकं तेवढ्याच वेगानं फिरत होतं याची हमी कोणी देत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोंग्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणांत तर फरक बराच मोठा सापडतो. खाँसाहेबांची ही ठुमरी तीसच्या दशकातली, विजेच्या मायक्रोफोनवरची, त्यामुळे तिची चूक लहान असेल. पण लहान चूकही कानाला पुरते. वेग ६ टक्के वाढला की सूर एक पूर्ण पट्टी चढतो, म्हणजे काळी एकचा सा पांढरी दोनला जाऊन बसतो. ७८ ऐवजी ८० नं फिरवलं तरी सूर अर्ध्या पट्टीच्या जवळपास वर जातो. तुमच्या फाइलमध्ये एक पट्टीचा फरक आहे, तेव्हा मधल्या कुणीतरी यंत्राचा वेग न तपासताच ती उतरवली असणार.

पहिलं काम म्हणजे स्वतःच्या यंत्राचा वेग पक्का करणं. ७७ रेघांचं स्ट्रोब वर्तुळ, म्हणजे सारख्या अंतरावर रेघा आखलेली चकती, कागदावर छापून घ्या आणि फिरत्या तबकडीवर मधोमध ठेवा. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर ७७ रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे असतो, आणि आपल्याकडे ७८ म्हणतात तो हाच. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघा. एलईडी दिव्याखाली रेघा बहुतेकदा नुसत्या पुसट होतात आणि यंत्रच बिघडलंय असं वाटतं. रेघा फिरण्याच्या दिशेनं पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे सरकत असतील तर कमी. तपासताना पिन तबकडीवर टेकलेली हवी, कारण पिनेच्या ओझ्यानं मोटर थोडी मंदावते आणि रिकाम्या थाळीवर बसवलेला वेग गाणं सुरू झालं की बदलतो.

पुढचं काम जास्त नाजूक आहे. पेटीच्या एखाद्या पट्टीवर सा नेमका बसला म्हणून वेग बरोबर, असं धरू नका. त्या काळच्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्‌झच्या मापाला लावलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे सा दोन पट्ट्यांच्या मधे पडला तरी मुद्रण निर्दोष असू शकतं. पुरावा तबकडीवरच शोधा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स क्रमांक (त्या मुद्रणाचा कंपनीनं दिलेला क्रमांक) कोरलेला असतो. टॉर्च तिरकी धरली की दिसतो. लागोपाठचे क्रमांक म्हणजे बहुधा एकाच बैठकीतली मुद्रणं : गायक तोच, पेटी तीच, यंत्र तेच. अशा तीन-चार बाजूंचा सा मोजून मांडा. सगळ्या सारख्याच वर-खाली असतील तर ती त्या दिवसाच्या यंत्राची किंवा पेटीची गोष्ट. एकच बाजू वेगळी निघाली तर दोष त्या बाजूत. एकाच बाजूत सुरुवातीचा सा आणि शेवटचा सा वेगळा लागला तर मुद्रण चालू असताना यंत्राचा वेग सरकलाय, आणि अशी बाजू एका आकड्यानं दुरुस्त होत नाही.

आणखी एक दोष गळ्याच्या माथी मारला जातो. लांब धरलेला सूर ठरावीक अंतरानं हेलकावत असेल तर घड्याळ लावा. हेलकावा सुमारे पाऊण सेकंदाला (नेमकं सांगायचं तर ०.७७) येत असेल तर तो तबकडीचा एक फेरा आहे. भोक मधोमध पडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पिनेचा दांडा डावी-उजवीकडे डुलताना डोळ्यांनाही दिसतो. एलपीवर, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या नंतरच्या तबकडीवर, हाच हेलकावा १.८ सेकंदानं येतो.

गायिका गंगूबाई हनगल यांच्या बाबतीत मात्र उलटी चूक होते. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘गांधारी हुबळी’ असं नाव आहे आणि त्यांतला आवाज बारीक, चढा आहे. नंतरचा भारदस्त आवाज ओळखीचा असलेले लोक ‘ही तबकडी जोरात फिरतेय’ म्हणून वेग उतरवतात. तिथे यंत्र बरोबर आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाजच बदलला. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या बालपणीच्या तबकड्यांनाही हेच लागू : लहान मुलाचा गळा चढाच असणार, त्याला खाली ओढू नका.

निपाणी : आजोबांच्या तंबाखूच्या वखारीच्या माळ्यावर ७८ च्या तबकड्यांची लाकडी पेटी सापडली. सगळ्यांवर पांढरी बुरशी आहे. नातवानं एक सॅनिटायझरनं पुसली तर कापडाला काळं लागलं आणि तबकडीची चकाकी गेली. बाकीच्या कशा साफ कराव्यात?

सॅनिटायझर बाटलीसकट लांब ठेवा. या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर लाख स्पिरिटमध्ये भिजवतो, तीच क्रिया तुमच्या तबकडीवर झाली. पुसलेली तबकडी आता वाजवून बघा, पण तिच्याकडून फार आशा ठेवू नका.

बाकीच्यांची बुरशी आधी घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. घरात झाडलीत तर ती पुस्तकांवर जाऊन बसेल. मग दोन लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे चार-पाच थेंब टाका. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते पाणी चालतं. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार चरीत (पिन जिच्यातून फिरते त्या बारीक खाचेत) वाळून बसतात आणि नवी खरखर तयार होते. लेबलावर प्लॅस्टिकचं गोल झाकण घट्ट दाबून धरा, कारण जुन्या लेबलाची शाई पाण्यानं पसरते आणि लेबल गेलं की तबकडीची ओळखच गेली. रंगाचा नवा मऊ ब्रश ओला करून चरीच्या दिशेनं गोल फिरवा. आतून बाहेर आडवा कधीच नको. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्यानं भिजवलेल्या दुसऱ्या कापडानं साबण काढा, तिसऱ्यानं टिपा आणि स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभ्या करून सावलीत वाळवा. पाण्यात बुडवून ठेवू नका. केसासारखी भेग किंवा उडालेला काठ असलेल्या तबकड्यांना तर ओल्या कापडापलीकडे काही नको, भेगेतून पाणी आत शिरतं.

बुरशीनं पृष्ठभाग खाल्ला असेल तर साफ केल्यावरही सुरसुर राहते. ती धुऊन जाणारी नाही, दोनदा-तीनदा घासत बसू नका.

ठेवताना नव्या कागदी पाकिटांत, उभ्या, आणि दहा इंची नि बारा इंची वेगळ्या. दोन्ही मिसळून ठेवल्या की मोठी तबकडी लहानीच्या काठावर टेकून वाकते. दहा इंची तबकडी साधारण २०० ग्रॅमची, म्हणजे पन्नास तबकड्यांचे दहा किलो. फळी जाड हवी, शक्यतो लोखंडी, म्हणजे वाळवीचाही प्रश्न मिटला. निपाणीत जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेल ठेवा आणि भिंतीला टेकून ठेवू नका. अथणी, रायबागकडच्यांना बुरशीपेक्षा पत्र्याच्या छपराची भीती जास्त. तिथल्या उन्हाळ्यात एलपी पुरीसारखी फुगते.

खानापूर : नवीन रेकॉर्ड प्लेअर घेतला. त्याला ७८ चा खटका आहे, पण ७८ लावली की आवाज दबलेला आणि खरखर मात्र स्पष्ट. एलपी उत्तम वाजतात. कर्ण्याच्या जुन्या फोनोवर हीच तबकडी खणखणीत लागते.

खटका आहे, पिन नाही. एलपीच्या पिनेचं टोक सुमारे १८ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ७८ ला लागतं ७५ मायक्रॉनच्या आसपासचं. बारीक पिन रुंद चरीच्या तळाशी घसरत जाते. सूर चरीच्या भिंतींवर कोरलेला असतो आणि तळाशी असतो शंभर वर्षांचा केर, म्हणून तुम्हाला खरखर आधी ऐकू येते. तुमच्या कार्ट्रिजची (दांड्याच्या टोकाशी पिन धरणाऱ्या डबीची) ७८ ची पिन वेगळी मिळते का, ते दुकानात मॉडेल सांगून विचारा. दाब एलपीला दीड ते अडीच ग्रॅम असेल तर ७८ ला तीन ते पाच लागतो. ७८ ची पिन चुकूनही एलपीवर टेकवू नका. जुन्या प्लेअरच्या दुतोंडी पिनेवर ‘एलपी’ आणि ‘७८’ लिहिलेलं असतं, दरवेळी तोंड बघूनच दांडा सोडा.

दबलेपणाचं कारण दुसरं आहे. एलपीसाठीचा फोनो प्रीअँप, म्हणजे पिनेकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, उंच स्वर मुद्दाम कापतो, १० हजार हर्ट्‌झला जवळजवळ १४ डेसिबल. कारण एलपी कोरताना ते तेवढेच वाढवलेले असतात. १९५४ च्या सुमारास ठरलेला हा आरआयएए नावाचा नियम ७८ च्या तबकड्यांना माहीतच नव्हता. त्यांतले न वाढवलेले स्वरही तो प्रीअँप कापून टाकतो. टोनच्या बटणानं ट्रेबल वाढवणं हा कामचलाऊ उपाय. संगणकात घेणार असाल तर सपाट सिग्नल देणारा प्रीअँप वापरा आणि दुरुस्ती नंतर करा : विजेवरच्या मुद्रणांना २५० ते ३०० हर्ट्‌झच्या खाली बेस वाढवायचा, वरचा भाग जवळजवळ तसाच ठेवायचा. मोनोचं बटण दाबा. ७८ चा सूर पिनेच्या आडव्या हालचालीत असतो. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीचशी एकमेकींना कापून जाते.

कर्ण्याच्या फोनोवर खणखणीत लागते हे खरं, पण तिथे एका बाजूला एक नवी पोलादी पिन, हा नियम मोडू नका. लाखेत मुद्दाम दगडाची भुकटी घातलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांत ती पिनेला घासून चरीच्या मापाची करते, आणि बाजू संपेपर्यंत पिनेला पटाशीसारखी धार येते. तीच पिन दुसऱ्या बाजूला लावलीत तर ती चरी तासते. जुन्या तबकड्यांवर जोरदार तानेच्या जागी करड्या रेषा दिसतात, त्या अशा काटकसरीच्या.

चिकोडी : एकाच एलपीच्या दोन प्रती आहेत, एकीचा क्रमांक ईसीएलपीनं सुरू होतो, दुसरीचा ईसीएसडीनं. कुठली ठेवू?

एचएमव्हीच्या क्रमांकांत ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. मूळ मुद्रण मोनो असेल आणि पुढे त्याचं कृत्रिम स्टिरिओ केलेलं असेल, तर मोनोच ठेवा. कृत्रिम स्टिरिओत बेस एका बाजूला आणि ट्रेबल दुसऱ्या बाजूला ढकललेला असतो, तंबोरा एका कानात आणि तबल्याची चाट (काठावरचा टणक बोल) दुसऱ्या कानात जाते.

अथणी : जयपूर घराण्याचं गाणं समजून घ्यायचं आहे. केसरबाई केरकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचे तेच राग ऐकून तुलना करतो, पण दरवेळी मन्सूरच सरस वाटतात. माझ्याकडे केसरबाईंच्या ७८ आहेत आणि मन्सूरांच्या मैफलींच्या फाइली.

इथे तुम्ही दोन गायकांची तुलना करत नाही आहात. तीन मिनिटं आणि पन्नास मिनिटं यांची करताय. दहा इंची ७८ च्या एका बाजूत सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात गायिकेला राग मांडायचा, मुखडा दाखवायचा, अंतऱ्याला जायचं आणि तानांनी संपवायचं. मैफलीत पहिल्या आवर्तनांतली जी स्वस्थता असते तिला तबकडीत जागाच नाही. लय चढी घेतली जाते, आलाप आखडतो, कधी अंतरा गळतो. त्यावरून केसरबाई घाईत गातात असा निष्कर्ष काढला तर तो त्यांच्यावर अन्याय.

घराण्याच्या वाटा आधी कागदावर मांडा. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर थेट घराण्याचे संस्थापक अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन आलेले, मग अल्लादियाखाँचे चिरंजीव मंजीखाँ आणि त्यांच्यानंतर भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले. तिघांत जे समान सापडेल ते बहुधा घराण्याचं, एकाकडेच सापडेल ते त्या गळ्याचं. दोघांवरून हे ठरत नाही, म्हणून मोगूबाईंची मुद्रणं मिळवाच.

मग ललितागौरीसारखा एक राग घ्या, जो या घराण्यात गाजला. पूर्ण मैफल बाजूला ठेवा आणि तबकडीत मावतं तेवढंच मैफलीतून कापून काढा : बंदिशीचा पहिला मुखडा ते तिसरी सम (तालाची पहिली मात्रा), आणि तानांचं एक मिनिट. आता वहीत चार गोष्टी लिहा. एक, समेपासून समेपर्यंत किती सेकंद, म्हणजे लय आकड्यात येते. दोन, मुखडा कितव्या मात्रेवरून उचलला. तीन, दोन मध्यम (शुद्ध आणि तीव्र) एकमेकांजवळ कुठे आले आणि त्यांतून बाहेर पडताना कुठला सूर धरला. या रागात सगळी मेख तिथे आहे, ललिताचं वळण कधी संपलं आणि गौरी कधी सुरू झाली हे त्याच जागी कळतं. चार, तान समेवर येताना शेवटच्या दोन मात्रांत सरळ उतरते की वळसा घेऊन. ही चौथी नोंद सर्वांत चिवट. त्या दोन मात्रा निम्म्या वेगानं ऐकल्याशिवाय लिहू नका, कारण चढ्या लयीत कान आपल्याला अपेक्षित तेच ऐकतो.

ऐकण्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करा. थोडा मोठा आवाज कुणालाही ‘जास्त भरदार’ वाटतो. मैफलीच्या फाइलीत तंबोऱ्याची आणि सभागृहाची गुंज आहे, ७८ मध्ये तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे गळा उघडा पडतो. ही उणीव कानांत पक्की बसावी म्हणून मन्सूरांच्याही तरुणपणीच्या ७८ च्या तबकड्या मिळवा आणि केसरबाईंच्या ७८ शेजारी त्या ठेवा. तबकडीला तबकडी, मैफलीला मैफल. मन्सूर सरस वाटणं हा दोष नाही. पण तशा जोडीनं ऐकल्यावरही वाटलं, तरच ते मत तुमचं.

किराणा आणि जयपूर या घराण्यांची आवर्तनाच्या सेकंदांवरून तुलना करू नका, हेही जाता जाता. किराण्याचा विलंबित एकताल मुळातच इतका संथ असतो की आकडे शेजारी मांडून हाती काही लागत नाही.

संकेश्वर : आकाशवाणी धारवाडवरून वडिलांनी टेप केलेल्या पुष्कळ कॅसेटी आहेत. काही किंचाळतात, काहींचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा आहे. संगणकात घेण्याआधी काय करावं?

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून चिकटलेले थर सुटतात, अर्धी किंचाळी तिथेच थांबते. फिल्मच्या मागची स्पंजची गादी निघून पडली असेल तर फिल्म हेडला (फिल्मवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) टेकत नाही. पाच स्क्रूंचं कवच असेल तर उघडून फिल्म दुसऱ्या चांगल्या कवचात बसवा. चिकटवलेलं कवच पातळ पात्यानं सावकाश उचकटावं लागतं. सी-९० ची फिल्म सी-६० पेक्षा पातळ, तिला झटके देऊ नका. हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. इथे ते चालतं, लाख नाही.

घोंगडीतला आवाज बहुधा हेडच्या तिरपेपणाचा. वडिलांच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं त्या कोनात तुमचं नाही. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू, कॅसेट वाजत असताना आणि मोनो करून, अगदी केसभर इकडेतिकडे फिरवा. तबल्याची चाट सर्वांत टोकदार ऐकू आली की थांबा. प्रत्येक कॅसेटला ही जागा वेगळी असू शकते. म्हणून स्क्रूची मूळ जागा आधी मार्करनं खूण करून ठेवा.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झला घेतलंत तर मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतात. कॅसेटसाठी ४८ किलोहर्ट्‌झही पुरेसे, ९६ तबकड्यांसाठी राखा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ही पहिली, न धुतलेली फाइल कायम ठेवायची आणि सफाई नेहमी प्रतीवर करायची. आवाज धुणारी सॉफ्टवेअरं तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणझणता नाद) खरखर समजून खातात. पण मीडियम वेव्हच्या टेपेत ५ हजार हर्ट्‌झच्या वर संगीत जवळजवळ नसतंच, तिथली सुरसुर कापली तर काही जात नाही.

निवेदिकेचा आवाज कापू नका. ‘तबल्यावर साथ...’ हे वाक्य गेलं की साथीदार कायमचे गेले. बेळगावच्या रामभाऊ विजापुरेंसारख्या पेटीवाल्यांची साथ अशा टेपांत दडलेली असू शकते आणि कॅसेटीच्या खोक्यावर मात्र फक्त गायकाचं नाव लिहिलेलं असतं. नोंदवहीत गायक, राग, ताल, बंदिशीची पहिली ओळ, साथ, कुठून टेप केलं, आणि सा कुठल्या पट्टीत लागतो हे लिहा. शेवटचा रकाना सगळे विसरतात. पुढे दोन प्रती जुळवताना तोच कामाला येतो.

बेळगाव (अनगोळ) : जुन्या तबकड्या इंटरनेटवर टाकल्या तर कायद्याची अडचण येते का?

१९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेचा हक्क ती प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं असतो. १९५५ साली निघालेल्या तबकडीचा तो हक्क २०१५ अखेर संपला. पारंपरिक चिजेला एवढं पुरतं. नाट्यपद किंवा भावगीत असेल तर कवी आणि संगीतकार यांचा हक्क वेगळा मोजावा लागतो, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आकाशवाणीवरून किंवा मैफलीत टेप केलेलं यात बसत नाही, ते घरीच ऐका.

बेळगाव (टिळकवाडी) : अल्लादियाखाँसाहेबांची तबकडी एक जण विकायला आणतोय. घ्यावी का?

नको. खाँसाहेबांची तबकडी बाजारात कधी निघालीच नाही. लेबल नीट वाचा, दुसऱ्याच कुणा खाँसाहेबांचं नाव असेल. ते चांगले गायक असतील आणि चरी स्वच्छ असेल, तर त्यांच्या नावानं, त्यांच्या भावानं घ्या.